मधलं पोतं

धान्याच्या त्या गोदामात सगळे त्याला पारखी म्हणायचे. खरं नाव होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं. चौतीस वर्षं त्याने एकच काम केलं. पोत्यात पोकळ सळई खुपसायची, आतल्या आत फिरवायची, बाहेर काढायची आणि तिच्या खाचेत आलेला मूठभर गहू तळहातावर घेऊन सांगायचं, की हा माल घ्यावा की नाही. शितावरून भाताची परीक्षा, आणि तीही दुसऱ्याच्या पैशाने, असं तो स्वतःच म्हणायचा. आधी वास घ्यायचा, मग दोन दाणे दाताखाली फोडायचा आणि तळहात झटकायचा. त्याने "चालेल" म्हटलं की हजार पोती गाडीवर चढायची. "नाही" म्हटलं की मालाचा मालक तिथेच कपाळाला हात लावून बसायचा.

गोदामाच्या फरशीवर एक पांढरी रेषा होती. नमुना काढताना मालकाने त्या रेषेच्या मागे उभं राहायचं, असा तिथला नियम. पुढे यायचं नाही, बोट दाखवायचं नाही, "इथलं बघा की" असं गोड बोलायचं नाही. ज्याचा माल, त्याने पोतं निवडायचं नाही. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. पारखीनेच अकरा वर्षांपूर्वी मुकादमाला रंगाचा डबा आणायला लावून ती रेषा मारून घेतली होती.

त्याचं कारण तो कुणाला सांगत नसे. बायकोला मात्र एकदा सांगितलं होतं. कुणा ओळखीच्या व्यापाऱ्याची मोठी थप्पी लागली होती, भिंतीपासून छतापर्यंत. थप्पी फोडून मधली पोती काढायची तर हमालांचा अर्धा दिवस जाणार. व्यापारी खांद्यावर हात टाकून म्हणाला, "अहो, बाहेरची बघा, आतली काय वेगळी असतात?" आणि स्वतःच चार पोती दाखवली. त्या दिवशी उकाडा होता, पारखीला घाई होती. त्याने दाखवली तिथे सळई घातली. गहू सोन्यासारखा निघाला. कागदावर "माल उत्तम" असं लिहून तो घरी गेला. तीन महिन्यांनी सहज जाताना थप्पीला हात लागला तर ती गरम होती. माणसाला ताप असावा तशी. फोडून पाहिली तेव्हा मधली पोती काळी पडून एकमेकांना चिकटलेली, आणि आत सगळं वळवळतंय. त्याला कुणी बोल लावला नाही, कागद बरोबर होता. पण त्या दिवसापासून तो कुठल्याही थप्पीजवळून जाताना तिला हात लावून बघायचा. ती सवय गेली नाही.

आता अशा माणसाने स्वतःच्या बाबतीत काय केलं, ते ऐका.

त्या वर्षी त्याला एकसष्टावं लागलं आणि लघवीचा त्रास सुरू झाला. जायची घाई व्हावी आणि गेल्यावर थेंब थेंब. पुरुषमाणूस असल्यामुळे त्याने रीतसर सहा महिने कुणालाच काही सांगितलं नाही. त्याच सुमारास पाठ धरायला लागली, कमरेच्या जरा वर, मणक्यातच. बायको रोज संध्याकाळी बाम चोळून द्यायची. पाठीचं तिला माहीत होतं, लघवीचं नव्हतं. तेही तिने हेरलंच. घरात एकच संडास, कोण किती वेळा जातं हे काय लपतं?

"डॉक्टरकडे चला," ती म्हणाली.

"वयाचं आहे ते."

"वय माझंही झालंय. मी नाही दारात उभी राहत सारखी."

ती गोदामासाठी कापडी पिशव्या शिवायची, नमुन्याचे दाणे भरायच्या, वीतभर लांबीच्या. शंभर पिशव्यांमागे ठरलेले पैसे. मशीन थांबवून ती अशी बघायची, की समोरच्याने गुपचूप चपला घालाव्यात. त्याने घातल्या.

डॉक्टर वयाने त्याच्या मुलीएवढाच होता, आवाज मऊ. पारखीने बायकोला बाहेर बाकावर बसवलं. असल्या गोष्टी बायकोसमोर बोलायच्या नसतात, असं त्याचं मत. रक्ताचा अहवाल टेबलावर होता.

"पीएसए म्हणून एक आकडा असतो," डॉक्टर म्हणाला. "तुमच्या वयाला साधारण चारच्या आसपास असावा. तुमचा बावीस आहे."

"म्हणजे भाव चढलाय," पारखी म्हणाला.

डॉक्टर हसला नाही. पारखीला ते खटकलं. त्याच्या विनोदाला गोदामात मुकादम तरी हसायचाच.

डॉक्टरने कागदावर अक्रोडाएवढं काहीतरी काढलं, त्याच्यावर मूत्राशय, मधून जाणारी नळी. ही प्रोस्टेट. वयाप्रमाणे वाढते, त्यानेही आकडा चढतो, जंतू गेले तरी चढतो. पण बावीस म्हटल्यावर कॅन्सर नाही ना, हे बघायलाच हवं. मघाशी बोटाने तपासलं त्यात काही टणक लागलं नाही, ही चांगली गोष्ट. "पण बोट पोचतं ते फक्त मागच्या बाजूला. पुढच्या बाजूचं बोटाला कळत नाही."

"मग कशाने कळतं?"

"बायॉप्सीने. एक बारीक पोकळ सुई आत घालायची. तिला खाच असते, त्या खाचेत दोऱ्याएवढा मांसाचा तुकडा येतो. तो लॅबमध्ये बघायचा."

पारखीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पोकळ सुई, खाच, नमुना. हा पोरगा त्याला त्याचाच धंदा समजावून सांगत होता.

"किती ठिकाणी टोचता?" त्याने विचारलं. आवाज धंद्याचाच होता.

"साधारण बारा ठिकाणी. पण माझा सल्ला असा, की आधी एमआरआय करू. त्यात संशयाची जागा दिसते. मग बरोबर तिथून नमुना घेता येतो, आणि बाकीचे बारा असतातच. एमआरआय न करता नुसते बारा घेतले तर ते अंदाजाने. मागच्या बाजूने जिथवर सुई पोचते तिथले. पुढे काही असेल तर सुटू शकतं."

"म्हणजे थप्पी न फोडता बाहेरची पोती."

"काय म्हणालात?"

"काही नाही."

मग डॉक्टरने नेहमीचे प्रश्न विचारले. वजन उतरलंय का? भूक? लघवीत रक्त? आणि शेवटी, लिहिता लिहिता, "पाठ, कंबर, हाडं वगैरे काही दुखतं का?"

आदल्याच संध्याकाळी बायकोने अर्धी डबी बाम रिकामी केली होती. पारखी म्हणाला, "पोती उचलणाऱ्यांची दुखते डॉक्टर. मी तर नुसता टोचतो."

डॉक्टर या वेळी हसला आणि त्याने "नाही" असं लिहिलं.

खाली पैशाच्या खिडकीसमोर जमिनीवर पिवळी रेषा होती आणि भिंतीवर पाटी, "कृपया रेषेच्या मागे उभे राहा." त्याचा नंबर आला तसा पारखी रेषा ओलांडून पुढे गेला. खिडकीतल्या बाईने दोन कागद छापून दिले. एकावर एमआरआयसकट सगळं, दुसऱ्यावर नुसती बायॉप्सी. पहिल्याची रक्कम त्याच्या तीन पगारांएवढी, दुसऱ्याची सव्वा पगार.

आता भाव समजून घेणं हा तर त्याचा हातखंडा. त्याने चष्मा लावला आणि बाईला धारेवर धरलं. यात सुईचे पैसे धरलेत का? धरलेत, सुई एकदाच वापरून टाकतात. भूल कुठली? जागच्या जागी इंजेक्शन. पूर्ण झोपवायचं असेल तर वेगळे पैसे, भूलतज्ज्ञाचे. तुकडे तपासायचे लॅबचे यात आहेत की वेगळे? वेगळे, खालच्या ओळीत बघा. नमुन्याच्या बाटलीमागे की एकूण? एकूण. संशय आला म्हणून लॅबने आणखी रंग लावून पाहिलं तर? त्याचे वाढीव. आणि नंतर ताप आला, भरती व्हावं लागलं तर?

"ते कशातच नाही," बाई म्हणाली. मग खिडकीतून जरा पुढे झुकली. "काका, एवढं विचारणारे तुम्ही पहिलेच. बाकीचे नुसतं काही कमी होईल का एवढं विचारतात. मग घरी जाऊन भांडतात, की लॅबचं बोलला नव्हतात म्हणून."

पारखी खूश झाला. आपल्याला अजून कुणी गंडवू शकत नाही, असं वाटून त्याला दोन क्षण बरं वाटलं. मग त्याने एमआरआयचा कागद चार घड्या करून खिशात घातला आणि दुसरा हातात धरून बायकोपाशी गेला.

"एवढा खर्च आहे," तो म्हणाला.

"एवढाच?"

"एवढाच."

खरं सांगायचं तर पैसा हे निमित्त होतं. मुलीने त्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं, "बाबा, जे लागेल ते करा, मी बाजूला काढून ठेवलेत, हिशेब करत बसू नका." पैसे होते. नव्हती ती छाती. पाठीतलं ते दुखणं पोती वाहणाऱ्याचं नाही, ते कुठल्या तरी मधल्या पोत्याचं आहे, हे त्याला आत कुठेतरी कळलं होतं. चौतीस वर्षांचा हात होता त्याचा. थप्पी फोडली की काय निघतं ते त्याने एकदा पाहिलं होतं, आणि म्हणूनच त्याला ती फोडायची नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसऱ्याच्या मालावर सळई चालवताना ज्याचा हात कधी थरथरला नाही, तो स्वतःच्या मालाचा मालक झाला आणि रेषा ओलांडून बोट दाखवून मोकळा झाला, की बाहेरची बघा, आतली काय वेगळी असतात.

डॉक्टरला त्याने सांगितलं, सध्या जमणार नाही. डॉक्टरने एकदा समजावलं, दोनदा समजावलं. मग म्हणाला, "ठीक आहे. पण एक कबूल करा. निर्धोक आलं तरी तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं, आणि आकडा खाली आला नसेल तर स्कॅन टाळायचा नाही."

"कबूल," पारखी म्हणाला. कबूल करायला काय जातं?

त्याची रोजची रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस आधी बंद केली. आदल्या दिवसापासून जंतूंवरची गोळी सुरू झाली. सकाळी पोट साफ करायचं औषध मागून घातलं, त्यावर तो नर्सला म्हणाला, "गोदामसुद्धा एवढं धूत नाही आम्ही." मुलगी रजा टाकून आली होती, ती बाहेर बसली.

डाव्या कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी. भिंत हिरवट होती, तिच्यावर एक जुना खिळा. पारखी त्या खिळ्याकडे बघत राहिला. मागून सोनोग्राफीची कांडी आत गेली, ती दुखली नाही पण लाज वाटली. मग भुलीचं इंजेक्शन, विंचवाच्या नांगीसारखं, आणि नंतर सगळं बधिर.

"आता खट् असा आवाज होईल," डॉक्टर म्हणाला. "दचकू नका, हलू नका."

खट्.

दुखलं असं नाही. कुणीतरी आतून टिचकी मारल्यासारखं झालं. नर्सने बाटली पुढे केली, तिच्यावर चिठ्ठी लावली, "एक" म्हणाली. खट्. "दोन." पारखीही मनात मोजत होता. तिसऱ्याला त्याला कळलं, की आपण मोजत नाही आहोत, ऐकतो आहोत. सळई पोत्यात किती खोल गेली हे तो आवाजावरून सांगायचा. हे सगळे आवाज जवळचे होते. सगळे अलीकडचे. सातव्या वेळी त्याच्या तोंडावर शब्द आले होते, "डॉक्टर, आणखी आत." ते गिळून तो खिळ्याकडे बघत राहिला. नर्स "बारा" म्हणाली आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची त्याला स्वतःलाच शरम वाटली.

चार दिवस लघवी लाल झाली. तसं होईल हे आधीच सांगितलं होतं. ताप आला, थंडी वाजली तर ताबडतोब या, असंही बजावलं होतं, म्हणून मुलगी उठता बसता थर्मामीटर घेऊन पाठीमागे. ताप आला नाही. आठव्या दिवशी अहवाल आला. बाराच्या बारा नमुन्यांत कॅन्सर नाही.

घरादाराचा जीव भांड्यात पडला. मुलगी फोनवर रडली. बायकोने मशीनवर झाकण घातलं आणि त्या दिवशी एकही पिशवी शिवली नाही. गोदामात मुकादमाने सगळ्यांना चहा पाजला आणि जाहीर केलं, "पारखीचा माल पास! बारा पोती तपासली, एकात किडा नाही!" हमाल हसले. पारखीही हसला. मग चहाचा कप हातात धरूनच तो जवळच्या थप्पीपाशी गेला आणि तिच्यावर तळहात ठेवून उभा राहिला.

"काय झालं?" मुकादमाने विचारलं.

"काही नाही. गार आहे."

पुढच्या तीन महिन्यांत पाठीचं दुखणं खाली उतरलं, मग एक फाटा डाव्या कुल्ह्यात गेला. पहाटे उठताना तो पलंगाची कड धरून आधी कुशीवर वळायचा, मग एक पाय खाली, मग दुसरा. बायको उठायच्या आधी तो हे उरकायचा. एकदा मुकादम म्हणाला, "पारखी, तुम्ही हल्ली वाकून सळई नाही घालत. उभ्या उभ्याच घालता."

"वय झालं," पारखी म्हणाला. लोकांची पोती फोडणारा, त्याच्या स्वतःच्या दिव्याखाली एवढा अंधार, की बोलायची सोय नाही.

रक्ताची तारीख आली. ती गेली. "पुढच्या आठवड्यात जाऊ," तो म्हणाला. पुढचा आठवडा गेला. "निर्धोक आहे ना, कशाला उगाच?" बायको त्याच्याकडे बघायची आणि मशीन चालवायची. तिला आता घोर लागला होता, पण कशाचा ते तिला धरता येत नव्हतं. कागद तर स्वच्छ होता.

गोदामातून वापरलेल्या पिशव्या परत यायच्या, त्या धुऊन ती पुन्हा वापरायला देई. दवाखान्यातून आला त्या दिवशीच पारखीने खिशातला तो चार घड्यांचा कागद अशाच एका पिशवीत घालून, पिशवीचं तोंड बांधून, त्या पिशव्यांच्या पेटाऱ्याच्या तळाशी टाकला होता. फाडला का नाही? नमुन्याची पिशवी निकाल लागेपर्यंत फेकायची नाही, हीसुद्धा एक सवयच. आणि बायकोने शिवलेल्या पिशवीत वस्तू लपवायची ती बायकोपासूनच, एवढी अक्कल फक्त या एकाच माणसाला सुचू शकते.

एका दुपारी ती पेटारा तळापासून उपसून धुवायला बसली. एक पिशवी हाताला हलकी लागली. आत दाणे नव्हते, कागद होता.

पारखी कामावरून आला तेव्हा कागद टेबलावर होता, घड्या हाताने दाबून सरळ केलेला. वर तिची कात्री ठेवली होती, उडू नये म्हणून.

"त्या दिवशी खिडकीवर किती कागद दिले होते?" तिने विचारलं.

तो चप्पल काढत होता. एक काढली, दुसरी पायातच राहिली.

"मी विचारतेय."

"दोन."

"मला किती दाखवलेत?"

तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं.

"पैसे नव्हते का आपल्याकडे?"

"होते."

"मग?"

"भीती वाटली," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर हे वाक्य त्याच्या तोंडून गेलं. "मध्ये काय असेल त्याची भीती वाटली गं."

ती उठली. त्याच्या पायाशी बसून तिने त्याची दुसरी चप्पल काढली, आणि काढता काढता रडायला लागली. "कोंबडं झाकून ठेवलंत आणि मलाही त्याच्यावर बसवलंत," ती म्हणाली. "मी रोज बाम चोळत होते. रोज! तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही मला बाम चोळू देत होतात." डोळे पुसून तिने वर पाहिलं. "ती रेषा कुणी मारली होती हो?"

"मी."

"कशाला?"

तो चपला जुळवून दारापाशी ठेवायला लागला. ती मात्र अकरा वर्षांपूर्वी ऐकलेली ती सगळी थप्पी विसरली नव्हती. "उद्या तुम्ही मागे उभे राहायचं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त दिलं आणि दुपारी ते दोघं पुन्हा त्या खिडकीपाशी आले. खिडकीतली बाई तीच होती. पारखीला पाहून ती ओळखीचं हसली आणि तो सवयीने पुढे झाला. बायकोने त्याच्या दंडाला धरून त्याला पिवळ्या रेषेच्या मागे उभं केलं आणि स्वतः पुढे गेली. मोठा कागद तिने काचेखालून आत सरकवला.

"हे करायचंय. यातलं सगळं."

"काकांनी तेव्हा दुसरं घेतलं होतं ना?" बाईने मागे पारखीकडे पाहिलं. "काका, हेच करायचं?"

"त्यांना विचारू नका," बायको म्हणाली. "त्यांचा माल आहे तो."

बाईला काही समजलं नाही. पण पैसे तिने मोजून घेतले आणि पावती बायकोच्या हातात दिली.

डॉक्टरच्या खोलीत या वेळी बायको आत आली. तिला कुणी विचारलं नाही, ती आलीच आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. डॉक्टरने संगणकावर सकाळच्या रक्ताचा आकडा पाहिला, आणि चष्मा काढून पुन्हा घातला.

"अठ्ठेचाळीस," तो म्हणाला.

पारखीला भावाचा विनोद आठवला. तो त्याने केला नाही.

"तीन महिन्यांनी यायला सांगितलं होतं. पाचवा चालू आहे." डॉक्टरच्या आवाजात राग नव्हता. "आज एमआरआय करू. त्यात जागा दिसली की सुई या वेळी नेमकी तिथे जाईल. पहिल्या वेळी आपण सगळे नमुने मागच्या बाजूचे घेतले होते. ते स्वच्छ होते, ते खोटं नव्हतं. फक्त पुढच्या बाजूचं आपण काही विचारलंच नव्हतं."

"कळतंय," पारखी म्हणाला. त्याच्याएवढं ते जगात कुणाला कळलं नसतं.

डॉक्टरने नवा कागद ओढला आणि नेहमीचे प्रश्न सुरू केले. वजन? चार किलो उतरलंय. भूक? कमी. लघवीत रक्त? नाही. डोकं खाली घालून लिहिता लिहिताच त्याने विचारलं, "पाठ, कंबर, हाडं वगैरे काही दुखतं का?"

पारखीचं तोंड उघडलं. ते जुनंच वाक्य, पोती उचलणाऱ्यांचं, जिभेवर तयार होतं. ते म्हटलं की डॉक्टर हसेल, "नाही" लिहील आणि सगळे उठतील.

"वर्ष होत आलं," बायको म्हणाली.

डॉक्टरने मान वर केली.

"रोज संध्याकाळी मीच चोळून देते. आधी इथे होतं." ती उठून त्याच्या मागे गेली आणि सदऱ्यावरूनच तिने मणक्यावर अंगठा टेकवला. अंधारातही चुकली नसती ती जागा. "मग इथे आलं. पहाटे उठताना मला जाग असते, त्यांना वाटतं मी झोपलेय. आता इथे, कुल्ह्यात. आणि दोन आठवड्यांपासून इथे, वर बरगडीत." शेवटच्या जागी तिने अंगठा जरासाच दाबला आणि पारखी खुर्चीतल्या खुर्चीत कळवळला. त्याला आवाज करायचा नव्हता. तो झाला.

डॉक्टरचं पेन थांबलं. त्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग पारखीकडे, मग जुन्या कागदावर स्वतःच्याच हाताने लिहिलेल्या "नाही"कडे. फोन उचलून तो कुणाला तरी म्हणाला, "एमआरआयबरोबर हाडांचाही स्कॅन लागेल. हो, आजच." फोन ठेवून त्याने बायकोला विचारलं, "आणखी काही आहे का, जे मला माहीत असायला हवं?"

विचारलं तिलाच. तिने अंगठा नवऱ्याच्या पाठीवरून काढला नव्हता. ती सांगायला लागली. रात्री किती वेळा उठतात, जिना चढताना कुठला पाय आधी टाकतात, जेवताना अर्धं कसं ताटात राहतं आणि "पोट भरलं" म्हणतात. एकेक करून ती पोती उतरवत होती आणि डॉक्टर लिहीत होता. पारखीला मध्येच एकदा बोलावंसं वाटलं. त्याने आपली खुर्ची हातभर मागे सरकवली आणि तिला सांगू दिलं.